इंधनाचा दाब आणि त्याची साक्ष

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, सिहोरा हे तहसिलीचे गाव लागते. नागपूरकडून प्रयाग आणि काशी येथे मोटारीने जाणारे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने जात आले आहेत. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ७ होता, आता तो ३० झाला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाकुंभाच्या दिवसांत जबलपूर, कटनी, मैहर, रीवा या मार्गावर वाहनांच्या मैलोगणती रांगा लागल्या होत्या. अशा रस्त्यावर, म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असताना, गाडीचे यंत्र एकाएकी दुबळे पडावे किंवा बंद झालेले पुन्हा सुरू होऊ नये, हा प्रसंग किती कठीण असतो हे सांगावयास नको. सिहोऱ्याच्या एखाद्या खेड्यातून रुग्णाला जबलपूरच्या रुग्णालयात नेणाऱ्या वाहनाच्या बाबतीत तर त्याचे गांभीर्य आणखीच वाढते.

अशा वेळी रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मिस्त्री गाडीच्या खुंटीला स्कॅनर जोडतो. पडद्यावर इंधनदाबाच्या संवेदकाचे, म्हणजे सेन्सरचे नाव असलेला एक सांकेतिक क्रमांक उमटतो. तेवढ्यावरून सेन्सर बदलला जातो, पैसे दिले जातात आणि गाडी चालू लागते. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर तीच व्याधी पुन्हा डोके वर काढते. सेन्सर नवा असतो, परंतु दोष जुनाच राहिलेला असतो. येथे मिस्त्रीने लबाडी केलेली असतेच असे नाही. संगणकाने दिलेला क्रमांक म्हणजे निदान, असे त्याने मानले, एवढाच त्याचा दोष. प्रत्यक्षात तो क्रमांक ही केवळ एक तक्रार असते. ती कोणामुळे उद्‌भवली हे शोधून काढण्याचे काम अजून उरलेलेच असते. ते कसे करावे, याचा विचार पुढील पानांत केला आहे.

दाब कशासाठी?

जुन्या मोटारींत हा प्रश्नच नव्हता. ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा आरंभीची मारुती ८०० या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. पंपाने पेट्रोल त्याच्या वाटीपर्यंत पोहोचवले की पुढचे काम यंत्रात ओढल्या जाणाऱ्या हवेचा झोतच करी. वाटीतील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखत असे, आणि ती पातळी बरोबर असली म्हणजे झाले. वैशाखातल्या उन्हात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी अडली, तर पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबायचे, एवढा उपाय सर्वांना ठाऊक होता. जबलपूरचा वाहन कारखाना १९६९ साली स्थापन झाला. तेथून बाहेर पडलेल्या शक्तिमान ट्रकांवर आणि जोंगा जीपांवर हात बसलेल्या कारागिरांना इंधनाचा दाब विजेच्या तारेतून मोजण्याची वेळ कधी आली नाही, कारण त्या वाहनांत असा सेन्सर नव्हताच.

पुढे परिस्थिती बदलली. वाहनांच्या धुरावर निर्बंध आले. भारत स्टेज २ ची मानके २००५ साली, स्टेज ३ ची २०१० साली, स्टेज ४ ची २०१७ साली आणि स्टेज ६ ची १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. धूर स्वच्छ ठेवावयाचा तर प्रत्येक वेळी नेमके हवे तेवढेच इंधन यंत्रात गेले पाहिजे. कार्ब्युरेटरला हा काटेकोरपणा झेपणारा नव्हता. त्याची जागा इंजेक्टरने घेतली. इंजेक्टर ही विजेवर उघडणारी एक बारीक झडप असते. यंत्र मंद गतीने चालत असताना ती प्रत्येक खेपेस एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट वेळ उघडते आणि मिटते. किती वेळ उघडावयाचे हे गाडीतला संगणक ठरवतो.

येथेच दाबाचे महत्त्व लक्षात येते. नळ किती वेळ उघडा ठेवला यावरून बादलीत किती पाणी पडले हे सांगता येईल, परंतु नळातील पाण्याचा जोर कायम असला तरच. इंजेक्टरचेही तसेच आहे. त्यातून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब ३ बार असावयास हवा आणि तो २ बार भरला, तर तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के इंधन कमी जाईल. बार हे माप अपरिचित वाटत असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की १ बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. मोटारीच्या चाकात साधारणतः ३० पौंड, म्हणजे २ बारच्या आसपास हवा असते. पेट्रोलच्या सामान्य गाडीत इंजेक्टरमागचा दाब ३ ते ४ बार असतो, म्हणजे चाकातील हवेपेक्षा थोडासाच अधिक.

नियामकाचे काम

टाकीतला विजेचा पंप गरजेपेक्षा नेहमीच जास्त पेट्रोल पाठवतो. इंजेक्टर ज्या नळीवर बसवलेले असतात त्या नळीच्या, म्हणजे रेलच्या, टोकाला दाबाचा नियामक असतो. कारागीर त्याला रेग्युलेटर म्हणतात. त्याची रचना साधी आहे. एका डबीत रबरी पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा मागे सरतो, झडप उघडते आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीकडे जाते. जोर कमी झाला की झडप मिटते.

स्प्रिंगच्या बाजूला आणखी एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक यंत्रात हवा ओढून घेणाऱ्या मार्गाशी जुळलेले असते. तिचे प्रयोजन असे : यंत्र मंद चालत असताना त्या मार्गात हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा सुमारे अर्ध्या बारने कमी असतो. इंजेक्टरचे तोंड त्याच मार्गात उघडत असल्यामुळे पेट्रोल त्या ओढीने अधिकच खेचले जाईल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. ही तफावत भरून काढण्यासाठी तीच ओढ नियामकाच्या पडद्यालाही लावून ठेवली आहे. परिणामी मंद गतीला रेलमधील दाब सुमारे २.५ बार आणि पूर्ण जोरावर ३ बार दिसतो. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील अंतर मात्र सदैव ३ बारच राहते.

अलीकडील बहुतेक गाड्यांत परतीची लांब नळी काढून टाकली आहे. नियामक टाकीतच पंपाशेजारी बसवलेला असतो आणि त्याला ओढीची नळी नसते. तेथे दाब एकाच आकड्यावर ठेवला जातो आणि यंत्रातील ओढीचा हिशेब संगणक स्वतः करतो. म्हणून तपासणीपूर्वी आपल्यासमोरची गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम पाहावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हाच अंतिम प्रमाण होय. येथे दिलेले आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

नियामकाची परीक्षा

परीक्षेसाठी सुया-काट्यांचे साधे दाबमापक, म्हणजे गेज, पुरते. परंतु ते जोडण्यापूर्वी नळीतील दाब उतरवणे अत्यंत आवश्यक आहे. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, यंत्र चालू करून ते आपोआप बंद पडू द्यावे, नंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि जोडावर फडके धरून तो हळूहळू सैल करावा. काम मोकळ्या हवेत करावे. जवळपास विडी, शेगडी किंवा वेल्डिंग चालू नसावे आणि अग्निशामक हाताशी असावा. गेज घट्ट जोडून झाल्यावर बॅटरीची तार आणि फ्यूज पुन्हा जागेवर बसवावेत. तप्त यंत्रावर उडालेले चमचाभर पेट्रोलही गाडी पेटवण्यास पुरेसे असते.

गेज जोडून यंत्र मंद गतीवर चालू करावे आणि आकडा नोंदवावा. त्यानंतर नियामकाची ओढीची नळी काढून तिचे तोंड बोटाने बंद करावे. दाब अर्ध्या बारच्या आसपास वर चढला पाहिजे. तो चढला नाही, तर पडदा किंवा झडप अडकली आहे, किंवा नळीत ओढच पोहोचत नाही, असे समजावे. काढलेल्या नळीत पेट्रोलचा ओलावा किंवा वास आढळला, तर पडदा फाटला आहे याविषयी शंका उरत नाही. कारण त्या बाजूला पेट्रोल येण्याचा दुसरा मार्गच नाही. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट यंत्रात जाते. प्लग काजळतात, धूर काळा होतो, गाडी अवाच्या सवा पेट्रोल पिते आणि कधी कधी इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास येऊ लागतो.

दाब मुळातच कमी असेल तर दोन संशयित उरतात : पंपाची बाजू कमी देते आहे, किंवा नियामक जास्त सोडून देतो आहे. यांचा निवाडा करण्याची रीत सोपी आहे. परतीची नळी रबरी असेल तर ती मऊ चिमट्याने काही क्षणच दाबून धरावी. दाब झपाट्याने वर गेला, तर पंप निरोगी आहे आणि नियामक गळका आहे. दाब वर गेलाच नाही, तर पंप, त्याची जाळी, फिल्टर किंवा पंपाला वीज पुरवणारी तार यांपैकी काहीतरी सदोष आहे. प्लॅस्टिकची नळी अशी कधीही दाबू नये, कारण ती तडकते. रबरी नळीही फार वेळ धरू नये, कारण पंप दाब नेहमीच्या दुपटीपर्यंत नेऊ शकतो.

दाब प्रमाणाबाहेर जास्त असेल तर संशय परतीच्या मार्गावर जातो. यंत्र बंद करून आणि दाब उतरवून परतीची नळी नियामकापासून सोडवावी, तेथे दुसरी नळी जोडून ती पत्र्याच्या डब्यात सोडावी आणि पुन्हा पाहावे. आता दाब ठीक झाला, तर जुनी नळी कोठेतरी चेपली किंवा तुंबली आहे. जास्तच राहिला, तर नियामक मिटलेल्या स्थितीत अडकला आहे.

शेवटची परीक्षा यंत्र बंद केल्यानंतरची आहे. निरोगी गाडीत दाब कित्येक मिनिटे टिकून राहतो. तो टिकण्याला कारण आहे. मे महिन्यात सिहोऱ्याजवळच्या ढाब्यावर गाडी उभी केली, तर हवेची उष्णता ४० अंशांच्या वर असते आणि बॉनेटखाली ती याहून कितीतरी जास्त असते. दाबाखालचे पेट्रोल या उष्णतेतही द्रवरूप राहते. दाब गळून गेला की त्याची वाफ होते, आणि जेवण आटोपून निघणाऱ्या चालकाला स्टार्टर कितीतरी वेळ फिरवावा लागतो. जुन्या पंपावरचे ओले फडके आणि हा नवा दोष, या दोहोंच्या मुळाशी एकच निसर्गनियम आहे. दाब कोठून गळतो हे ठरवण्यासाठी, तो पूर्ण असताना यंत्र बंद करावे आणि लगेच पंपाकडून येणारी रबरी नळी दाबून धरावी. गळती थांबली तर पंपातील परतझडप सदोष आहे. परतीची नळी दाबल्यावर थांबली तर नियामक सदोष आहे. दोन्ही दाबूनही दाब उतरतच राहिला, तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे.

संवेदक : दाबाचा साक्षीदार

नियामक दाब घडवतो. संवेदक दाब घडवीत नाही, तो फक्त दाबाविषयी साक्ष देतो. दोहोंमधील हा भेद विसरला की निदान चुकते.

साध्या पेट्रोल गाड्यांतील अनेकींत इंधनदाबाचा संवेदक नसतोच. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल उडवणाऱ्या यंत्रांत आणि सामाईक रेल असलेल्या डिझेल यंत्रांत तो अपरिहार्य असतो. त्याच्या आत पोलादाचा एक पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो आणि त्यावर बसवलेल्या विद्युत्‌रोधकांचा रोध त्यामुळे बदलतो. या बदलाचे व्होल्टमध्ये रूपांतर होऊन ते संगणकाकडे जाते. संवेदकाला बहुधा तीन तारा असतात : एक ५ व्होल्ट पुरवणारी, एक अर्थची आणि तिसरी संकेताची. सर्वसाधारण रचनेत शून्य दाबाला सुमारे ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला सुमारे ४.५ व्होल्ट येतात. शून्याला शून्य व्होल्ट मुद्दामच ठेवलेले नाहीत. कारण तसे केले असते, तर दाब नाही की तार तुटली आहे, हे संगणकाला ओळखता आले नसते.

उदाहरणार्थ, संवेदकाची कमाल मर्यादा १८०० बार आहे असे समजू. मधले अंतर ४ व्होल्टचे, म्हणून प्रत्येक व्होल्टमागे ४५० बार. संकेत १.१७ व्होल्ट असेल, तर ०.५ वजा करता ०.६७ उरतात, म्हणजे दाब ३०० बार झाला. मंद गतीवरील डिझेल यंत्राला हा आकडा शोभणारा आहे. कागदावरचा हा लहानसा हिशेब ज्याला करता येतो, त्याला स्कॅनरवर सर्वस्वी विसंबून राहावे लागत नाही.

संगणकाच्या तक्रारींतही फरक असतो आणि तो वाचता आला पाहिजे. पी ०१९० हा क्रमांक संवेदकाच्या विद्युत्‌मार्गाविषयी आहे. पी ०१९२ संकेत फार खाली असल्याचे आणि पी ०१९३ तो फार वर असल्याचे सांगतो. पी ०१९१ म्हणजे संकेत येतो आहे, पण विश्वासार्ह वाटत नाही. याउलट पी ००८७ आणि पी ००८८ हे अनुक्रमे दाब कमी आणि दाब जास्त असल्याचे क्रमांक आहेत. त्यांत संवेदकाविरुद्ध काहीही म्हटलेले नाही. पी ००८७ पाहून संवेदक बदलणे म्हणजे ज्वर दाखवला म्हणून तापमापक फेकून देण्यासारखे आहे.

पहिल्या गटातील क्रमांक आला तर आधी तारांची तपासणी करावी. संवेदकाची जोडणी सोडवून चावी फिरवावी आणि पुरवठ्याच्या तारेवर ५ व्होल्ट येतात का ते मीटरने पाहावे. येत नसतील तर संवेदक निर्दोष असण्याचा संभव मोठा. तार तुटली असेल, किंवा त्याच पुरवठ्यावर असलेला दुसराच एखादा संवेदक आतून जुळून सर्वांचे व्होल्ट खाली ओढत असेल. दुसरे संवेदक एकेक करून सोडवले की तो सापडतो. जोडणी पुन्हा बसवून अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांत किती व्होल्ट दिसतात ते पाहावे. ते ०.१ व्होल्टपेक्षा अधिक असतील तर अर्थ कच्चा आहे. जोडणीतील पिनांवर हिरवट बुरशी, पावसाचे पाणी, सैल पडलेली पकड आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही कारणे दिसावयास क्षुल्लक वाटतात. तथापि पावसाळ्यात तीच अधिक आढळतात. यंत्र चालू ठेवून तारांची जुडी हाताने हलवावी. स्कॅनरवरचा आकडा उडी मारू लागला की दोषाची जागा बोटाखालीच असते.

खोटी साक्ष

आता सर्वांत फसव्या दोषाकडे वळू. संवेदक पुरता बंद पडत नाही, तो फक्त थोडासा चुकीचे सांगू लागतो. समजा, खरा दाब २०० बार असताना तो ३०० सांगतो. संगणकाला ३०० च हवे आहेत, म्हणून तो समाधानी राहतो. स्कॅनरवर हवा असलेला दाब ३०० आणि असलेला दाब ३०० असे दोन आकडे शेजारी शेजारी उमटतात. मिस्त्री ते पाहून म्हणतो, दाब अगदी बरोबर आहे. गाडी मात्र चढावर दम टाकते.

दोन आकडे जुळले, कारण ते जुळेपर्यंत संगणक दाब बदलत राहतो. ते जुळणे हेच त्याचे काम. त्यावरून खऱ्या दाबाविषयी काहीच सिद्ध होत नाही. साक्षीदारच चुकीचा असेल तर त्याच्याच साक्षीने त्याची पारख कशी व्हावी?

यासाठी एक क्षण असा शोधावा लागतो की ज्या वेळी खरा दाब आपल्याला दुसऱ्या मार्गाने निश्चित ठाऊक असेल. असा क्षण रोज सकाळी सहज मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या डिझेल गाडीच्या रेलमध्ये दाब उरलेला नसतो. यंत्र सुरू न करता केवळ चावी फिरवावी आणि संकेत मोजावा. ०.५ च्या आसपास असेल तर निदान शून्याच्या ठिकाणी तरी संवेदक खरे बोलतो आहे. तेथे १.२ व्होल्ट भरले, तर दाब नसतानाच तो ३०० बारांहून अधिक सांगतो आहे, हे उघड झाले. या परीक्षेला मीटरखेरीज काही लागत नाही आणि एक पैसाही खर्च होत नाही.

पेट्रोल गाडीच्या कमी दाबाच्या बाजूस संवेदक असेल तर काम याहून सोपे आहे. गेजचा आकडा आणि स्कॅनरचा आकडा ताडून पाहावा. दोहोंत फरक असेल तर संवेदक किंवा त्याच्या तारा दोषी. दोन्ही सारखेच कमी असतील तर संवेदक निर्दोष, आणि शोध पंप, फिल्टर व नियामक यांकडे वळवावा. धुराड्यातील प्राणवायूच्या संवेदकावरून संगणक इंधनात जी दुरुस्ती करीत असतो, तीही उपयोगी साक्ष देते. दाब कमी असल्यास संगणक इंधन सतत वाढवीत असतो, आणि भार वाढला की ही वाढ अधिक ठळक होते. दाब जास्त असल्यास तो सतत कपात करीत असतो.

डिझेलची गाडी आणि जिवाचे भय

सामाईक रेलची डिझेल पद्धत मोटारींत प्रथम १९९७ साली, आल्फा रोमिओ १५६ या इटालियन गाडीत आली. तीत दाब १६०० ते २००० बारांपर्यंत जातो. जगातील सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब सुमारे ११०० बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. एवढ्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि प्रारंभी फारशी दुखतही नाही. आत शिरलेले डिझेल मात्र मांस नासवत जाते. अशा वेळी हळद भरून वाट पाहू नये. तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि आत डिझेल शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. विलंबामुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून चालू यंत्रावर रेलचा कोणताही जोड कधीही सैल करू नये, आणि गळती बोट फिरवून शोधू नये. ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधावी.

या पद्धतीत दाबावर ताबा ठेवणाऱ्या झडपा विजेच्या असतात. एक पंपाच्या तोंडाशी किती डिझेल आत घ्यावे हे ठरवते. काही गाड्यांत रेलवर दुसरी झडप असून ती जास्तीचे डिझेल सोडून देते. सेन्सरची साक्ष ऐकून संगणक या झडपांना हुकूम देतो. दाब कमी असल्याची तक्रार आली, तर या महागड्या भागांकडे जाण्यापूर्वी कमी दाबाच्या बाजूपासून आरंभ करावा. फिल्टर किती दिवसांचा आहे? त्याच्या तळाशी पाणी साठले आहे काय? पारदर्शक नळीत हवेचे बुडबुडे दिसतात काय? तुंबलेला फिल्टर मंद गतीला पुरेसे डिझेल देतो, पण ट्रकला मागे टाकताना यंत्राला अधिक लागते तेव्हा तो उणा पडतो आणि दाब कोसळतो. म्हणून अशी गाडी गॅरेजमध्ये निरोगी आणि महामार्गावर आजारी वाटते.

हे सर्व ठीक असेल तर इंजेक्टरांची परतीची गळती मोजावी. प्रत्येक इंजेक्टर थोडे डिझेल परत पाठवतो. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकसारखी बाटली लावावी आणि यंत्र ठराविक वेळ चालवावे. एक बाटली इतरांच्या कितीतरी आधी भरली, तर त्या इंजेक्टरमधूनच दाब निसटतो आहे. यंत्र सुरू होण्यासाठीच रेलमध्ये सुमारे २०० बार दाब लागतो. इंजेक्टर फार गळका असेल तर स्टार्टर फिरत राहतो, पण तेवढा दाब कधी तयारच होत नाही. नाशिकच्या बॉश कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. या भागांतील सांधे काही मायक्रोनांचे असतात. माणसाचा केस त्यांच्या कितीतरी पट जाड असतो. डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक धूळ आली, किंवा रॉकेलची भेसळ झाली, की डिझेलचा वंगणगुण कमी होऊन हे सांधे झिजतात. भेसळीत वाचलेले दोन पैसे पुढे अशा रीतीने व्याजासह वसूल होतात.

क्रमाचे महत्त्व

वर सांगितलेल्या परीक्षांत अवघड अशी एकही नाही. अवघड आहे ते त्यांचा क्रम पाळणे. प्रथम तक्रारीचा क्रमांक नीट वाचावा आणि तो संवेदकाविषयी आहे की दाबाविषयी, हे पाहावे. नंतर तारा आणि जोडण्या पाहाव्यात, कारण त्या दुरुस्त करण्यास खर्च नाही. त्यानंतर गेजने किंवा शून्याच्या परीक्षेने साक्षीदाराची पारख करावी. साक्षीदार खरा ठरला तरच त्याच्या सांगण्यावरून पंप, फिल्टर, नियामक आणि इंजेक्टर यांची क्रमाने चौकशी करावी. प्रत्येक परीक्षेने एक संशयित सुटला पाहिजे किंवा सापडला पाहिजे. जिच्याने दोहोंपैकी काहीच होत नाही, ती परीक्षा करण्यात वेळ दवडू नये. सुटा भाग बदलणे हे या क्रमातील शेवटचे पाऊल होय.

गाडीच्या मालकालाही यात काही कर्तव्य आहे. दोष केव्हा जाणवतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. थंड असताना की तापल्यावर, चढावर की उभ्या गाडीत, पेट्रोल भरल्यानंतर की पाऊस पडल्यानंतर, एवढे जरी त्याने नेमके सांगितले तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते. आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्याने एकच प्रश्न विचारावा : हा भाग बिघडला आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरले? जाणत्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो मीटरचा आकडा दाखवतो.

शक्तिमान आणि जोंगा दुरुस्त करणाऱ्या पिढीकडे स्कॅनर नव्हता. तरीही कान, नाक आणि बोटे यांनी मिळालेली प्रत्येक खूण ती दुसऱ्या खुणेशी ताडून पाहत असे. आजच्या कारागिराच्या हाती साधने पुष्कळ आली आहेत, आणि त्यांतील प्रत्येक साधन एकच बाजू सांगते. त्या बाजू एकमेकींशी ताडून पाहण्याची जुनी शिस्त जेथे टिकून आहे, त्या गॅरेजमधून निघालेली गाडी पुन्हा वाटेत अडण्याचा संभव फार थोडा.